बर्लिनमध्ये घर शोधताना: आधी नोंदणीचं छप्पर, मग मनासारखं घर

नोकरीचं पत्र किंवा विद्यापीठाचा प्रवेश हातात पडला की बहुतेक जण त्याच रात्री भाड्याच्या घरांच्या साइट उघडून बसतात. उंच छताची, लाकडी जमिनीची घरं बघून हरखतात, वीस-पंचवीस मालकांना संदेश पाठवतात. आठवडाभर एकाचंही उत्तर येत नाही, मग धीर सुटतो. अशा धीर सुटलेल्या अवस्थेत माणूस नको त्या जागी पैसे भरून बसतो. हे मी ओळखीच्या तिघा-चौघांच्या बाबतीत बघितलंय, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

बर्लिनमध्ये घर शोधणं हे एक काम नाही, दोन आहेत. पहिलं म्हणजे तीन ते सहा महिन्यांसाठी असं छप्पर मिळवणं, जिथे तुमच्या नावाची सरकारदरबारी नोंद होईल. दुसरं म्हणजे स्वतःच्या नावावर, बेमुदत कराराचं घर. पहिलं भारतात बसून होतं. दुसरं जवळजवळ कधीच होत नाही, कारण इथला मालक जी कागदपत्रं मागतो ती तुम्ही इथे आल्याशिवाय तयारच होत नाहीत. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर निम्मा मनस्ताप वाचतो.

सगळ्याची किल्ली: आनमेल्डुंग

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाला घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. हीच आनमेल्डुंग. ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी सेवा कार्यालयात होते. बर्लिनच्या बारा प्रभागांपैकी तुम्ही कुठेही राहात असलात तरी शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टची वेळ घेऊ शकता. घराजवळच्याच कार्यालयाचा हट्ट धरू नका. रिकाम्या वेळा थोड्या थोड्या सुटत राहतात, सकाळी लवकर शहराच्या सेवा पोर्टलवर बघत राहा. दोन आठवड्यांत वेळ मिळाली नाही तर निदान त्या मुदतीत वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

सोबत लागतो पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि एक कागद, ज्याचं नाव उच्चारायलाच आठवडा लागतो: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. अर्थ साधा आहे. "ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आली" असं घर देणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र. नोव्हेंबर २०१५ पासून हे पत्र सक्तीचं आहे, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

या नोंदणीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. नोंदणी झाली की काही दिवसांनी टपालाने अकरा आकडी करक्रमांक येतो. तो कंपनीला दिला नाही, तर पगारातून सहाव्या करवर्गाप्रमाणे जबर कर कापला जाऊ शकतो. निवास परवान्याच्या कामाला नोंदणीचा दाखला लागतो, अनेक बँकाही तो मागतात. त्यामुळे तात्पुरती जागा घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, हा हवा: "इथे आनमेल्डुंग होईल का, आणि ते पत्र तुम्ही सही करून द्याल का?" उत्तर लेखी घ्या. "बघू", "सहसा अडचण येत नाही" याचा अर्थ नाही असाच धरा.

पहिलं छप्पर कुठे मिळतं

विद्यार्थी असाल तर प्रवेश पक्का होताच बर्लिनच्या विद्यार्थी सेवासंस्थेच्या, म्हणजे श्टुडिरेंडेनवेर्कच्या वसतिगृहासाठी अर्ज टाका. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून लवकर टाका आणि त्याच एका भरवशावर राहू नका. नोकरीवर येणाऱ्यांनी कंपनीला स्पष्ट विचारावं. काही कंपन्यांचा सजवलेली घरं देणाऱ्या संस्थांशी करार असतो, पण न विचारता कोणी आपणहून सांगत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे वेगे: काही जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली. यासाठी वेगे-गेझुख्ट ही साइट सगळे वापरतात. तिथेच त्स्विशेनमीटे हा शब्द दिसेल. मूळ भाडेकरू काही महिने बाहेरगावी जातो आणि तेवढ्यापुरती आपली खोली सामानासकट दुसऱ्याला देतो. पहिल्या तीन महिन्यांसाठी मला हा प्रकार सगळ्यात बरा वाटतो. भाडं सहसा आवाक्यात असतं, आणि घरातले बाकीचे लोक इथल्या रीतीभाती शिकवतात. फक्त त्या भाडेकरूने घरमालकाची परवानगी घेतली आहे का ते विचारा. जर्मन कायद्यात पोटभाडेकरू ठेवायला मालकाची संमती लागते. ती नसेल तर तो नोंदणीचं पत्र द्यायला कचरतो, आणि अडकता तुम्ही.

सजवलेल्या तात्पुरत्या घरांचं भाडं डोळे पांढरे करणारं असतं. ते दीर्घकाळ भरायचं नाही, पण दोन-तीन महिन्यांसाठी तो खर्च आधीच धरून ठेवा.

जाहिरात वाचायला शिका

खऱ्या घराचा शोध इथून सुरू होतो. इमोस्काउट२४, इमोवेल्ट आणि क्लाइनआनत्साइगन या तीन ठिकाणी बहुतेक जाहिराती येतात. शिवाय देगेवो, गेझोबाऊ, गेवोबाग, होवोगे, श्टाट उंट लांट आणि वेबेएम या सहा महापालिका गृहकंपन्या आहेत. इनबर्लिनवोनेन या नावाने त्यांचं सामाईक पोर्टल आहे. त्यांची भाडी तुलनेने कमी आणि व्यवहार सरळ, पण एकेका घरावर अर्जांचा पाऊस पडतो. जाहिरातीत डब्ल्यूबीएस लागेल असं लिहिलं असेल, तर ते घर मर्यादित उत्पन्नाचा सरकारी दाखला असलेल्यांसाठी आहे. दाखला नसेल तर पुढे चला.

खोल्यांची मोजणी आपल्या बीएचकेसारखी नाही. "दोन झिमर" म्हणजे दोनच खोल्या, दिवाणखाना धरून. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यात मोजत नाहीत. म्हणजे आपला वन बीएचके तो इथला दोन झिमर.

भाड्याचे आकडे दोन. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात जिन्याची सफाई, पाणी, कचरा, इमारतीचा विमा असे नेबेनकोस्टेन आणि हीटिंग मिळवलं की होते वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा याच्याही बाहेर. यात एक खाच आहे. काही जुन्या इमारतींत प्रत्येक घराचा स्वतःचा गॅस बॉयलर असतो आणि गॅसचा करार भाडेकरूने वेगळा करायचा असतो. अशा घराची वार्ममीटे स्वस्त दिसते, कारण तिच्यात हीटिंग धरलेलंच नसतं. "हीटिंगचा खर्च समाविष्ट नाही" ही बारीक ओळ जाहिरातीत शोधा.

नेबेनकोस्टेन ही आगाऊ रक्कम असते, अंतिम नाही. वर्षाचा हिशेब मालकाने ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचा असतो. वापर जास्त झाला असेल तर फरक भरावा लागतो. जाहिरातीत ही रक्कम संशयास्पद कमी दिसली तर मागच्या वर्षीचा हिशेब मागा.

"आल्टबाऊ" म्हणजे बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीची उंच छताची इमारत, बऱ्याचदा लिफ्टविना. "प्लाटेनबाऊ" म्हणजे पूर्व जर्मनीच्या काळातली तयार काँक्रीट पट्ट्यांची उंच इमारत, दिसायला रुक्ष, पण बऱ्याचदा लिफ्ट असलेली आणि आखणीला सोयीची. लोक उगाच नाकं मुरडतात. लहान मूल आणि बाबागाडी असेल तर लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरच्या देखण्या आल्टबाऊपेक्षा मी मार्त्सान किंवा लिश्टनबेर्गमधला प्लाटेनबाऊ डोळे मिटून घेईन.

जुन्या इमारतींना रस्त्याकडचा भाग, म्हणजे फोर्डरहाउस, आणि अंगणापलीकडचा भाग, म्हणजे हिंटरहाउस, असतो. हिंटरहाउस शांत, पण खालच्या मजल्यांवर अंधार. मी नॉयक्योल्नमध्ये असंच एक घर डिसेंबरात दुपारी दोन वाजता बघितलं. दिवा बंद करायला सांगितला तर समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसेना. बर्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. अशा घरात चार-पाच महिने काढणं मनाला जड जातं, विशेषतः घरूनच काम करणाऱ्याला.

आणि स्वयंपाकघर. "ओट्यासकट" असं, म्हणजे आइनबाउक्यूशे किंवा तीन अक्षरांत ईबीके, लिहिलेलं नसेल, तर तिथे फार तर चूल आणि सिंक असेल, कधी तेही नसतं. छताला दिव्यांऐवजी वायरी लोंबत असतात. जाणारा भाडेकरू स्वतःचा ओटा विकत घे म्हणतो, याला आबलोझे म्हणतात. जुन्या वस्तूंची किंमत त्यांच्या मूल्याच्या मानाने अवाच्या सवा लावायला कायद्याची मनाई आहे, त्यामुळे यादी मागा आणि घासाघीस करा.

भाग कोणता

शहराच्या मध्यभागाभोवती एसबानची, म्हणजे लोकल रेल्वेची, वर्तुळाकार लाइन आहे, रिंग. एस४१ एका दिशेने फिरते, एस४२ उलट, आणि पूर्ण फेरी साधारण तासाभराची. रिंगच्या आत तिकिटाचा ए झोन. सगळ्यांना रिंगच्या आतच राहायचं असतं, म्हणून तिथे झुंबड. रिंगच्या बाहेर पण एसबान किंवा ऊबानच्या (मेट्रोच्या) स्टेशनापासून दहा मिनिटं चालत, हा माझा कायमचा सल्ला. आडलर्सहोफला काम असेल तर क्योपेनिक, टेक्निकल युनिव्हर्सिटीत असाल तर श्पांडाऊ, दालेमच्या फ्राये युनिव्हर्सिटीत असाल तर श्टेग्लिट्स. मध्यवर्ती भागाच्या मोहापेक्षा जानेवारीच्या थंडीत गाडी बदलावी न लागणं मोलाचं.

फाइल: घर दिसण्याआधी तयार हवी

चांगली जाहिरात काही तासांत बंद होते. कागद नंतर जमवू म्हणणाऱ्याला घर मिळत नाही. एकच पीडीएफ तयार ठेवा: पासपोर्ट आणि निवास परवाना, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या, स्वतःची माहिती देणारा झेल्ब्स्टआउसकुन्फ्ट नावाचा अर्ज, आधीच्या मालकाचं भाडं थकलेलं नसल्याचं पत्र आणि शूफाचा दाखला. शूफा म्हणजे तुमची आर्थिक पत सांगणारी खाजगी संस्था. तिचा घरमालकाला दाखवायचा छोटा दाखला पैसे भरून मिळतो. फुकट मिळणाऱ्या संपूर्ण अहवालात खात्यांचे सगळे तपशील असतात, तो मालकाला देऊ नका.

नवीन माणसाच्या शूफात काहीच नसतं. ही अडचण लपवू नका. पगारपावत्या अजून नसतील तर करारासोबत कंपनीकडून वार्षिक पगार सांगणारं पत्र घ्या, भारतातल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र जोडा. विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या खात्याचा, दाखला किंवा हमीदाराचं पत्र. मालक ढोबळमानाने निव्वळ उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का ते बघतो. त्या मापात न बसणाऱ्या घरांना अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

संदेश, आणि घर बघायला जाणं

संदेश जर्मनमध्येच पाठवा, मोडकंतोडकं चालेल, कोणाकडून तपासून घ्या. सहा-सात ओळी पुरेत: कोण आहात, किती जण राहणार, काम काय, निव्वळ उत्पन्न किती, कधीपासून घर हवं, धूम्रपान करत नाही, कागद तयार आहेत. सुरुवातीला त्या घराबद्दल एक खरी ओळ लिहा. सगळ्यांना तोच मजकूर चिकटवलेला मालकाला लगेच कळतो.

घर बघायला बोलावणं येतं त्याला बेझिश्टिगुंग म्हणतात. पहिल्यांदा गेलात तर जिन्यातली रांग बघून पाय गळतील. दुसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत माणसं, प्रत्येकाच्या हातात पारदर्शक फोल्डर, कोणी कोणाशी बोलत नाही. आत गेलात की आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला नाव सांगून हात मिळवा, मग घर बघा. दहाच मिनिटं असतात, ती पुढच्या गोष्टींना द्या.

बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पलंगामागे आणि खिडकीच्या रबरावर काळे ठिपके बघा. तिथे हात लावला आणि भिंत ओलसर, गार लागली तर बुरशीचं घर आहे. ताज्या रंगाचा एकच चौकोन भिंतीवर दिसला तरी विचारा. गरम पाण्याचा नळ सोडून किती वेळात पाणी तापतं ते मोजा. पाणी विजेच्या गीझरवर तापत असेल तर त्याचं बिल तुमच्या विजेत येणार. रेडिएटर फिरवून बघा. स्वयंपाकघराला खिडकी आहे का बघा. आपल्या फोडणीचा वास बंद खोलीत आठवडाभर राहतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही येतात. तळघरातली कोठी कुठली, सायकल कुठे ठेवायची, हे निघताना विचारा.

घर आवडलं तर त्याच दिवशी फाइल पाठवा. नकार आला, किंवा काहीच आलं नाही, तर तो तुमच्यावरचा शेरा समजू नका. चाळीस-पन्नास अर्जांमागे दोन-चार बोलावणी आली तरी शोध नीट चाललाय असं धरा.

फसवणूक

इथे मी कडकच बोलणार. घर आतून न बघता, करार न होता, एक युरोही पाठवायचा नाही. फसवणुकीची गोष्ट जवळजवळ नेहमी तीच असते: मालक परदेशात आहे, घर सुंदर आणि भाडं बाजारापेक्षा खूपच कमी, अनामत पाठवलीत की चाव्या कुरियरने येतील. कधी नामांकित बुकिंग साइटसारखं दिसणारं बनावट पान पाठवतात, कधी विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटो. तो पासपोर्ट आधी फसवलेल्या कोणाचा तरी असतो. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधून बघा, तीच खोली दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडते. भारतातून तात्पुरती जागा घेत असाल तर ओळखीच्या कोणाला तरी प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगा, निदान व्हिडिओ कॉलवर जिन्यापासून घरापर्यंत चालत दाखवायला सांगा. खरा माणूस ते करतो.

दलालीबद्दलही स्पष्ट असा. १ जून २०१५ पासून दलाल ज्याने नेमला त्यानेच दलाली द्यायची असा कायदा आहे. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे "प्रक्रिया शुल्क" किंवा घर बघण्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

करारावर सही करण्याआधी

अनामत, म्हणजे काउत्सियोन, जास्तीत जास्त तीन काल्टमीटेइतकी. समजा काल्टमीटे ९०० युरो, तर अनामत २,७०० च्या वर मागता येत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने दिलाय आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा. मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजाच्या खात्यात ठेवायची असते.

सामान्य करार बेमुदत असतो. मुदतीचा करार करायचा तर कायद्याला मान्य असलेलं कारण करारात लेखी लागतं, उदाहरणार्थ मालकाला पुढे स्वतः राहायचंय. घर सोडताना भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना मोजला जातो, आणि ती सही केलेल्या कागदावरच द्यावी लागते, ईमेल चालत नाही. पहिली एक-दोन वर्षं दोन्ही बाजूंना करार मोडता येणार नाही असं कलम काही करारांत असतं. नोकरी नवी असेल तर ते कलम शोधून वाचा. श्टाफेलमीटे म्हणजे ठरलेल्या तारखांना ठरलेली भाडेवाढ, इंडेक्समीटे म्हणजे महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली. दोन्ही कायदेशीर आहेत, फक्त नकळत सही होऊ नये.

बर्लिनमध्ये २०१५ पासून भाड्याला लगाम घालणारा कायदा आहे. नव्या करारात भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्याच्या दहा टक्क्यांहून वर जाऊ नये. तुलनात्मक भाडं शहराच्या मीटश्पीगेल या तक्त्यावरून काढता येतं. अपवादही मोठे आहेत: १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं, पूर्ण नूतनीकरणानंतर प्रथमच दिलेली घरं, आधीच्या भाडेकरूचंच भाडं जास्त असलेली घरं आणि केवळ तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरं. भाडं जास्त वाटलं तरी सहीआधी वाद घालू नका, घर हातचं जाईल. भाडं सुरू झाल्यापासून ३० महिन्यांच्या आत लेखी आक्षेप घेतला तर सुरुवातीपासूनची जादा रक्कम परत मागता येते. त्यासाठी भाडेकरू संघटनेचे, म्हणजे बर्लिनर मीटरफेराइनचे, सभासद व्हा किंवा प्रभाग कार्यालयांतल्या मोफत सल्ल्याला जा. जुन्या लेखांत मीटेनडेकेल नावाची भाडेगोठवण वाचाल. ती २०२० मध्ये आली आणि २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने रद्द केली, तिच्या भरवशावर राहू नका.

चाव्या हातात येतात तेव्हा

त्या दिवशी एक युबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे ताबापत्र, भरलं जातं. आनंदाच्या भरात सगळे तिथे घाई करतात. करू नका. जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा, खिडकीची सैल मूठ, टाइलमधली केसाइतकी चीर लिहून घ्या, फोटो काढा. वीज, पाणी, गॅसचे मीटर आणि रेडिएटरवरच्या छोट्या मोजणी यंत्रांचे आकडे टिपून घ्या. चाव्या मोजा: फाटकाची, घराची, टपालपेटीची, तळघराची, आणि आकडा लिहा. पाच वर्षांनी अनामत परत मिळेल की कापली जाईल ते या दोन पानांवर ठरतं.

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद करा. दिवसभर फटीएवढी उघडी ठेवलीत तर भिंती गार पडतात, बुरशी धरते आणि दोष भाडेकरूवर येतो. विजेचा करार स्वतः करा. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरटी महिना १८.३६ युरो आहे. घरात टीव्ही नसला तरी ते पत्र येतंच, आणि ते खरं असतं, फेकू नका. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिश्ट विमा त्याच आठवड्यात घ्या, वर्षाला फार पैसे पडत नाहीत.

नव्या पत्त्याची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांत. आणि त्याच्याही आधी, पहिल्याच संध्याकाळी, खाली जाऊन घंटीवर आणि टपालपेटीवर आपलं नाव लावा. बर्लिनच्या इमारतींत फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन फक्त नाव बघतो. मी आठवडाभर "इमारतीची व्यवस्था बघणारे पाटी लावतील" म्हणून थांबलो आणि तेवढ्यात करक्रमांकाचं पत्र "या नावाचं इथे कोणी नाही" अशा शेऱ्यासह परत गेलं. ते पुन्हा मागवून हातात येईपर्यंत दोन पगार जास्त कर कापून आले. पाटी येईपर्यंत कागदाचा तुकडा आणि चिकटपट्टी चालते. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. पती-पत्नीची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.